पुढच्या काचेवरचा बर्फ वितळवत बसू नका, सुटा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून नोकरीसाठी अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन दोन महिने झाले, गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, आणि ती अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. सकाळी २० मिनिटं हीटर लावूनही पुढची काच पूर्ण साफ होत नाही. काचेच्या आतल्या बाजूलाही बर्फ धरतो. रूममेट म्हणतो, किटलीभर गरम पाणी ओत. तर हीटर बिघडलाय का, कुठले स्प्रे घ्यावेत, आणि महिन्याला ४० डॉलर जास्त देऊन छपराखालची जागा घ्यावी का?

मी पिंपरीत सुरुवात करून आता बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या हीटर-एसीच्या चाचण्यांचं काम करतो. गोठवणाऱ्या खोलीत गाडी ठेवायची, काचेवर पाणी फवारून बर्फ जमवायचा आणि तो किती वेळात जातो हे मोजायचं, हा आमच्या कामाचाच भाग. त्यामुळे आधी २० मिनिटांबद्दल. युरोपातल्या नियमानुसार ही चाचणी उणे १८ अंशांना होते. काचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.०४४ ग्रॅम पाणी गोठवायचं, मग इंजिन चालू करायचं. २० मिनिटांत ड्रायव्हरच्या समोरचा ८० टक्के भाग मोकळा झाला आणि ४० मिनिटांत जवळपास सगळी काच, म्हणजे ९५ टक्के, मोकळी झाली की गाडी पास. अमेरिकेतल्या चाचणीचा साचाही असाच आहे. म्हणजे तुमची गाडी वेळेच्या बाबतीत फार काही वेगळं करत नाहीये. नुसत्या हीटरवर सोडलं तर नवी गाडीसुद्धा एवढा वेळ घेऊ शकते.

असं का, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पुढची काच धरा सव्वा चौरस मीटर. चाचणीच्या हिशेबाने तिच्यावर साधारण अर्धा लिटर पाणी गोठलेलं असतं. तेवढा बर्फ वितळवायला सुमारे १८० किलोज्यूल उष्णता लागते. पण त्या बर्फाखाली दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली, १५ किलोच्या आसपास वजनाची काच आहे आणि तीही उणे १८ वर आहे. तिला शून्यावर आणायलाच २०० किलोज्यूलहून जास्त उष्णता जाते. थोडक्यात, बर्फाचा पहिला थेंब सुटायच्या आधीच निम्म्याहून जास्त उष्णता काचेने गिळलेली असते. आणि ती उष्णता येणार कुठून? इंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवातून. ते कूलंट आणि इंजिनचं धूड तुमच्या काचेइतकंच गार आहे. उभ्या गाडीत इंजिन फार कमी उष्णता तयार करतं, डिझेल तर विचारूच नका. तुमच्या २० मिनिटांतला बराचसा वेळ इंजिन स्वतःलाच तापवण्यात घालवतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: बर्फ वितळवायचा नाही, तो काचेपासून सुटा करायचा. वितळवायला अख्ख्या थराला उष्णता द्यावी लागते. सुटा करायला फक्त काचेला चिकटलेला कागदाइतका पातळ पापुद्रा ओला झाला की पुरे. वरचा बर्फ मग स्क्रेपरच्या एका फटक्यात वड्या सुटाव्यात तसा निघतो. हीटरचं काम तो पापुद्रा ओला करण्यापुरतं, उरलेलं काम हाताचं.

प्रत्यक्षात सकाळ अशी काढा. गाडीत बसा, इंजिन चालू करा, हवेचा रोख पुढच्या काचेवर, तापमान पूर्ण गरम, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा पुन्हा फिरवायचं बटण) बंद, एसीचं बटण चालू, मागच्या काचेच्या तारा चालू. ब्लोअर मात्र सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कमी वेगावर ठेवा. इथे बहुतेक लोक चुकतात. पहिल्याच मिनिटाला ब्लोअर चारवर टाकला की गार हवाच काचेवर मारली जाते, वाहिन्यांत राहिलेली ओल काचेच्या आतल्या बाजूला जाऊन गोठते, आणि कूलंट तापू लागतं न लागतं तोच त्याची उष्णता ओढून घेतली जाते. ऑटो क्लायमेटच्या बऱ्याच गाड्या कूलंट तापेपर्यंत ब्लोअर आपणहून दाबून ठेवतात, ते याचसाठी. लोक समजतात बिघाड आहे आणि वेग हाताने वाढवतात.

तोवर बाहेर या. आधी ब्रश, मग स्क्रेपर. छपरावरचा भुसभुशीत बर्फ आधी पाडा, कारण छप्पर तसंच ठेवलं तर पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबल्यावर तो सगळा ढीग सरकून पुढच्या काचेवर येतो आणि वायपरला तो पेलत नाही. मागच्या गाडीवर उडाला तर वेगळाच प्रसंग. न्यू जर्सीसारख्या राज्यांत बर्फ न काढता गाडी रस्त्यावर आणली तर दंड आहे. मग बॉनेट आणि काच जिथे मिळतात ती जाळी मोकळी करा. नवख्या माणसाला ती जाळी दिसतही नाही, पण हीटरला बाहेरची हवा तिथूनच मिळते. जाळीवर बर्फ बसलेला असेल तर ब्लोअर तोच आत ओढतो, आत त्याचं पाणी होतं आणि ते पाणी तुमच्या काचेवर धुकं बनून येतं. शरद ऋतूत पडलेली पानंही याच जाळीत अडकून पाणी तुंबवतात, तीही एकदा काढून टाका.

मग स्क्रेपर. प्लॅस्टिकचा, सरळ आणि धारदार कडेचा, लांब दांड्याचा घ्या. कडा गोलावली की फेकून नवा आणा, दोन-पाच डॉलरची वस्तू आहे. फार कठीण बर्फासाठी पितळी पात्याचे मिळतात, पितळ काचेपेक्षा मऊ असल्याने चालतं. लोखंडी उलथणं, पेचकस, चाकू अजिबात नाही. स्क्रेपरच्या मागे दाते असतील तर थर जाड असताना आधी त्यांनी आडव्या-उभ्या रेघा ओढा, म्हणजे थराचे तुकडे पडतात. काचेच्या खालच्या कडेला, जिथून गरम हवा येते, तिथे ओलसर पट्टा दिसू लागला की तिथून सुरुवात करून वर सरका. आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर त्याच्यासमोरचा चौकोन विसरू नका. तो झाकलेला राहिला तर लेन आणि ब्रेकच्या सूचना देणारी यंत्रणा बंद पडते. बाजूच्या खिडक्या आणि आरसेही पूर्ण मोकळे करा. खिडकीची काच रबरात गोठलेली असेल तर खाली करायचा प्रयत्न करू नका, मोटर किंवा काच धरणारी पट्टी तुटते.

टपालपेटीच्या फटीएवढं भोक पाडून निघायचं, हा प्रकार मात्र करू नका. जर्मनीत, जिथे आपल्याकडची पुण्याची बरीच मंडळी स्टुटगार्ट-म्युनिकला गाड्यांच्याच कामात आहेत, अशा भोकातून बघत गाडी चालवली तर दंड होतो. गंमत म्हणजे तिथे उभ्या गाडीत विनाकारण इंजिन तापवत बसण्यालाही दंड आहे. दोन्ही नियम एकत्र वाचले की कायदाच सांगतो, हात चालवा. इथे मिशिगनमध्ये २०१७ साली रोझव्हिल गावात एकाला स्वतःच्याच घरासमोर गाडी चालू ठेवून आत गेल्याबद्दल १२८ डॉलरचा दंड झाला होता. त्यावर इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी कायदा बदलला आणि खासगी जागेत गाडी चालू सोडायला मुभा मिळाली. तरी किल्ली लावलेली, रिकामी, चालू गाडी चोराला किती सोयीची असते हे सांगायला नको.

एक गोष्ट कायद्यापेक्षा महत्त्वाची. गाडी बंद गॅरेजमध्ये तापवायची नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅरेज घराला जोडलेलं असेल तर तो वायू घरात शिरतो. बाहेर उभ्या गाडीचाही सायलेन्सरचा पाइप बर्फात गाडला गेलाय का ते आधी बघा, आणि मुलांना आत बसवून तुम्ही बाहेर खरवडत असाल तर नक्की बघा. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत इंजिन चालू राहिल्याचं कळतही नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

आता गरम पाणी. रूममेटला सांगा, चहा कर त्याचा. पुढची काच ही बाजूच्या आणि मागच्या काचांसारखी कडक केलेली नसते. ती साध्या काचेचे दोन थर चिकटवून बनवतात, म्हणजे फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. पण साध्या काचेच्या एका भागात आणि शेजारच्या भागात ४० अंशांच्या आसपास फरक पडला की ती तडकण्याच्या बेताला येते. उणे १० च्या काचेवर ८० अंशांचं पाणी म्हणजे ९० अंशांचा धक्का. काच प्रत्येक वेळी तडकेल असं नाही. दहा वेळा ओतून काही झालं नाही असं सांगणारे भेटतीलच. पण जुन्या गाडीच्या काचेवर खडी लागून बारीक टवके उडालेले असतात, आणि तडा तिथूनच सुरू होऊन सर्रकन काचभर जातो. नवीन काच आणि कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, हा खर्च किटलीच्या सोयीपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय ओतलेलं पाणी जाळीत, वायपरच्या सांध्यात आणि पायाखाली जाऊन पाच मिनिटांत पुन्हा गोठतं. कोमट पाण्याने तडा जायची शक्यता कमी, पण गोठणं तेच. ज्या कुणाला टवका दिसतोय त्याने तो हिवाळ्याआधी भरून घ्यावा, स्वस्तात होतो.

स्प्रेंबद्दल. दुकानातला डी-आयसर, म्हणजे बर्फ सोडवणारा स्प्रे, चालतो, पण तो म्हणजे बहुतांशी अल्कोहोलच. घरी करायचा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग, ही सगळीकडे सांगितली जाणारी मिसळण. ती उणे ५, उणे १० ला छान काम करते. पण पारा उणे २० च्या जवळ गेला की ही मिसळण स्वतःच घट्ट होऊ लागते, तेव्हा पाणी न घालता ७० टक्क्यांचं तसंच वापरा. फवारा, एक-दोन मिनिटं थांबा, मग खरवडा. फवारून लगेच खरवडलं तर अल्कोहोल वाया. बाटली गाडीत न ठेवता घरात ठेवा, कारण गोठलेल्या दारामागच्या बाटलीचा उपयोग नाही, आणि ते पेट घेणारं द्रव आहे. दाराच्या कुलपासाठीही तेच चालतं.

व्हिनेगरचा उपाय तुम्हाला व्हॉट्सॲपवर येईलच. घरातलं व्हिनेगर म्हणजे ९५ टक्के पाणी, ते शून्याच्या जेमतेम खाली गोठतं. त्याने साचलेला बर्फ निघत नाही आणि आदल्या रात्री पुसून ठेवल्याने फारसा फरकही पडत नाही. मिठाचं पाणी बर्फ नक्की वितळवतं, पण वायपरचे हात, जाळीखालचा पत्रा आणि रंग यांची वाट लावतं. रस्त्यावरचं मीठ गाडीला पुरेसं असतं, वरून आपण घालायची गरज नाही. आपल्याकडे पावसात वायपर बंद पडला की ट्रकवाले काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळायचे. ती युक्ती खरी आहे, पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरतो म्हणून दिसतं. बर्फावर मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही.

तुमचा आतल्या बाजूच्या बर्फाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो हवामानाचा नसून सवयीचा आहे. ती सवय आपण घरून आणतो. पुण्या-मुंबईत गाडी चालवणारा माणूस धूळ, धूर आणि एसीची गार हवा टिकावी म्हणून रीसर्क्युलेशनचं बटण कायम दाबून ठेवतो. बोट आपोआप तिकडे जातं. इथे हिवाळ्यात त्या बटणाचा अर्थ उलटा होतो. उणे १० अंशांच्या हवेत, ती कितीही ओलसर असली तरी, घनमीटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच बाष्प मावतं. तीच हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की ती १७ ग्रॅमपर्यंत बाष्प धरू शकते. म्हणजे बाहेरची गार हवा तापवली की ती ओल शोषणारी कोरडी हवा होते, आणि फुकट मिळते. रीसर्क्युलेशन चालू असलं की ती दारातच अडते. मग तुमचा श्वास, ओल्या जॅकेटची वाफ, बुटांबरोबर आलेलं बर्फाचं पाणी हे सगळं आतच फिरत राहतं, आणि गाडी बंद केल्यावर रात्री सगळ्यात गार जागी, म्हणजे पुढच्या काचेवर, जाऊन बसतं. सकाळी तुम्ही आतून खरवडताय तो आदल्या संध्याकाळचा तुमचाच श्वास आहे.

म्हणून बुटांवरचा बर्फ दारातच आपटून आत या. कापडी मॅट काढून उंच कडांच्या रबरी मॅट टाका आणि साचलेलं पाणी रोज बाहेर ओता. मॅटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला लागला तर दाराचं रबर, सनरूफची निचऱ्याची नळी किंवा ती पुढची जाळी, यांपैकी कुठून तरी पाणी येतंय. केबिन फिल्टर काढून बघा. जुन्या गाडीत तो पानांच्या भुग्याने भरून ओला झालेला सापडतो. काच आतून एकदा चांगल्या मायक्रोफायबरने आणि ग्लास क्लिनरने पुसा. तिच्यावर डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा तेलकट थर असतो आणि धुकं त्यालाच धरतं. आतून मात्र स्क्रेपर जपून वापरा, आणि मागच्या काचेवर आतून मुळीच नाही. तिथल्या तारा म्हणजे काचेवर छापलेल्या चांदीच्या रेघा आहेत. एक खरवडली गेली की तेवढी ओळ कायमची थंड.

एसीचं बटण हिवाळ्यात का, असं विचारलं जातंच. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो, आणि मग हीटर तीच हवा तापवतो, म्हणजे गरम आणि कोरडी हवा मिळते. शून्याच्या थोडं वर, पावसाळी, चिकचिकीत दिवसांत याचा खरा फायदा. पारा शून्याच्या आसपास किंवा खाली गेला की बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. तेव्हा बटण दाबलं काय न दाबलं काय, आणि त्या वेळी बाहेरची हवा कोरडीच असते. लोणावळ्याच्या घाटात पावसात काच बाहेरून धूसर होते, कारण एसीने काच गार केलेली असते आणि ओल बाहेर असते. इथे ओल आत आणि गारवा बाहेर. तिथली सवय इथे उलटी वापरायची, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

हीटर बिघडलाय का ते कसं ओळखायचं? गाडी १५ मिनिटं चालवल्यावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येतो का बघा. हायवेवर तो खाली उतरत असेल आणि हवा कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकलाय. भाग स्वस्त आहे, बदलून घ्या. काटा बरोबर पण हवा गार, किंवा सिग्नलला उभं राहिल्यावरच गार, असं असेल तर कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. काचेवर आतून तेलकट धुकं आणि गाडीत गोडसर वास असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंट फिरवून हवा तापवणारा छोटा रेडिएटर, गळतोय, ते काम मात्र खर्चिक. गार इंजिनवर, गरम असताना कधीच नाही, कूलंटची पातळी बघा आणि आधीच्या मालकाने नुसतं पाणी भरलंय का तेही तपासून घ्या. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ च्या आसपासपर्यंत तग धरतं. नुसतं पाणी पहिल्याच खऱ्या थंडीत इंजिन फोडू शकतं.

तीच गोष्ट वॉशरच्या टाकीची. आपण आयुष्यभर तिथे नळाचं पाणी आणि फार तर शाम्पूचा थेंब टाकलेला असतो. इथे डब्यावर उणे २० फॅरनहाइट, म्हणजे उणे २९ सेल्सिअस, किंवा त्याहून खालचा आकडा लिहिलेलं द्रव भरा आणि त्यात पाणी घालू नका. उन्हाळ्यातलं द्रव टाकीत उरलं असेल तर आधी फवारून संपवा, नाहीतर नवं द्रव त्यात मिसळून पातळ होतं. ते बहुतेक मिथेनॉलचं असतं, म्हणजे विष. रंग सरबतासारखा दिसतो, लहान मुलं असलेल्या घरात उंचावर ठेवा. आणि हायवेवर काच गार असताना ते फवारू नका. वेगाच्या वाऱ्यात अल्कोहोल उडून जातं, उडताना काच आणखी गार करतं, मागे राहिलेलं पाणी क्षणात गोठतं आणि १०० च्या वेगात समोर पांढरा पडदा येतो. काच आतून तापलेली असेल तेव्हाच फवारा.

वायपर हे याच दिवसांसाठी जन्मले. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी हिवाळ्यात न्यूयॉर्कला ट्रामचा चालक बर्फामुळे काच उघडून चालवताना बघितला आणि १९०३ साली आत बसून फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. पण गोठलेल्या काचेवर वायपर चालवणं हे रबर फाडायचं आणि मोटरचा फ्यूज उडवायचं साधन आहे. रात्री गाडी बंद करण्याआधी वायपर हाताने बंद करा, ऑटोवर सोडू नका, नाहीतर सकाळी किल्ली फिरवताच ते चिकटलेल्या अवस्थेत ओढले जातात. उभे करून ठेवावेत का? गोठणारा पाऊस, म्हणजे काचेला लागताच बर्फ होणारा, येणार असेल तर ठेवा, एरवी नको. वाऱ्यात एखादा हात सुटून काचेवर आपटला तर तडा जातो, आणि काही गाड्यांत ते बॉनेटखाली दडलेले असतात, तिथे आधी सर्व्हिस पोझिशनमध्ये, म्हणजे काचेवर मधोमध उभे, आणावे लागतात.

आदल्या संध्याकाळचं एक काम फार थोडे लोक करतात. बर्फ पडत असताना तापलेली गाडी आणून उभी केली की गरम काचेवर पडलेला बर्फ वितळतो, मग काच गार होते आणि ते पाणी काचेला घट्ट धरून गोठतं. सकाळी सगळ्यात जास्त दमवणारा थर तो हाच. म्हणून घराजवळ आल्यावर शेवटची दोन-तीन मिनिटं हीटर बंद करा आणि खिडक्या खाली करा. आतली ओल निघून जाते, काच गार होते, आणि मग पडणारा बर्फ कोरडाच बसतो, ब्रशने झटकला की गेला. कुडकुडायला होतं, मान्य.

काच झाकायची असेल तर जलरोधक कव्हर घ्या, ज्याचे पदर दारात अडकवता येतात. आईने पाठवलेली जुनी सोलापुरी चादर टाकू नका. सुती कापड ओल पितं आणि काचेला चिकटून गोठतं, मग काचेऐवजी चादर खरवडत बसावं लागतं. पुठ्ठ्याचंही तसंच. ताडपत्री चालेल, पण कोरड्या काचेवर घातलेली. आतून लावायचं चांदी रंगाचं सनशेड यात काही करत नाही.

आता तुमची छपराखालची जागा. उघड्या आकाशाखाली काच स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहते, आणि निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ती आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश जास्त गार होते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, जीपच्या टपावर पांढरा थर दिसतो, आणि हवेचं तापमान मात्र शून्याच्या वर असतं. ते याच कारणाने. पुढची काच तिरपी, आकाशाकडे तोंड केलेली, म्हणून तिच्यावर थर आधी धरतो आणि बाजूच्या उभ्या काचांवर कमी. वर नुसतं छप्पर आलं, भिंती नसल्या तरी, की हा प्रकार जवळपास थांबतो. दाट सूचिपर्णी झाडाखालीही फरक दिसतो, फक्त फांदीवरचा बर्फ गाडीवर पडणार नाही एवढं बघा. उघड्यावरच लावायची असेल तर नाक पूर्वेला करा. निघायची वेळ सूर्योदयानंतरची असेल तर ऊन थोडं काम करून ठेवतं, पण डिसेंबरात इथे सूर्य उगवायलाच आठ वाजत येतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

याच ओघात, भारतात असलेल्यांसाठी. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून सिस्सू-केलांगला हिवाळ्यातही स्वतःची गाडी नेता येते, आणि महाराष्ट्रातून येणारेही ती नेतात. जाण्याआधी कूलंट तपासा, वॉशरच्या टाकीतलं पाणी काढा, आणि नव्या द्रवाच्या बाटलीवर गोठणबिंदू लिहिलेला नसेल तर तो नुसता साबण आहे असं समजा. स्क्रेपर घरूनच घेऊन जा.

इलेक्ट्रिक गाडी असती तर उत्तर खूपच लहान झालं असतं: चार्जरला लावलेली असतानाच ॲपमधून निघायची वेळ ठरवा, ती भिंतीतल्या विजेवर काच मोकळी करून ठेवते, धूर नाही, म्हणून बंद गॅरेजमध्येही चालतं. पुढच्या काचेत केसाएवढ्या तारा असलेल्या गाड्याही आहेत, फोर्डने १९८०च्या दशकातच त्या आणल्या. पुढची गाडी घ्याल तेव्हा सीट तापवण्यापेक्षा आधी ती सोय आहे का विचारा.

४० डॉलरचं म्हणाल तर, डिसेंबर ते मार्च चार महिन्यांपुरती जागा मिळत असेल तर मी घेईन. वर्षभराचा करार करायला लावत असतील तर घेणार नाही. कव्हर, चांगला ब्रश, दोन स्क्रेपर, रबरी मॅट आणि थर्मोस्टॅट तेवढ्यात होऊन पैसे उरतील. आणि तिरक्या वाऱ्याने आलेला गोठणारा पाऊस छपराखालीही काचेवर बसतोच, त्या दिवशी स्क्रेपर लागेलच.